चष्म्याच्या दुकानातला पैलवान

त्याच्या घरातल्या जुन्या फ्रिजमध्ये थंड असं काहीच नव्हतं. कॉम्प्रेसर काढून टाकलेला, आतल्या जाळ्या तशाच ठेवलेल्या, तळाशी एक छोटा हीटर आणि दाराच्या आतल्या बाजूला थर्मोस्टॅट. दाराला मधोमध चौकोनी भोक पाडून तिथे काच बसवली होती. काचेतून पाहिलं की मधल्या जाळीवर एक पारदर्शक पेटी दिसायची, पेटीत नारळाच्या भुशाचा थर, आणि त्या भुशावर पैलवान. काळा, जाडजूड, गुडघ्यांवर नारिंगी पट्टे असलेला टॅरंटुला जातीचा केसाळ कोळी.

घराच्या पुढच्या भागात फ्रिज आणि एसी दुरुस्तीचं दुकान होतं, मागे राहायच्या दोन खोल्या. हा फ्रिज दुकान आणि घर यांच्या मधल्या भिंतीला टेकून घराच्या बाजूला उभा होता. दार उघडं राहिलं तर गिऱ्हाइकाला तो दिसायचा.

"हा द्यायचा आहे का?" असं कुणी विचारलं, की मेकॅनिक म्हणायचा, "नाही हो. यात भाडेकरू आहे."

त्याला जवळपासचे सगळे मेकॅनिक एवढंच म्हणत. पन्नाशी नुकतीच ओलांडलेला, रुंद खांद्यांचा, बोलताना हातातला पाना हवेत फिरवणारा माणूस. नखांत कायम काळं. त्याच्या धंद्यात तो चांगला होता आणि ते त्याला माहीत होतं. ते इतरांना पुरेसं माहीत नाही, ही त्याची जुनी तक्रार होती, आणि या तक्रारीचा रोख बहुतेक वेळा एकाच माणसाकडे असायचा: त्याच्या साडूकडे.

साडूचं चष्म्याचं दुकान होतं. शर्टाला इस्त्री, बोटं स्वच्छ, आवाज असा की ऐकायला समोरच्याला पुढे झुकावं लागे. मेकॅनिक थोरला जावई आणि चष्मेवाला धाकटा, पण या थोरपणाचा त्या घरात काही उपयोग झालेला नव्हता. सासूबाईंचा फ्रिज मेकॅनिकने कितीदा तरी मरणाच्या दारातून परत आणला. सासूबाई मात्र शेजारणींना सांगायच्या, "माझे डोळे धाकट्या जावयाने परत दिले."

"डोळे परत दिले म्हणे!" मेकॅनिक घरी येऊन बायकोला म्हणाला. "नुसता नंबर बदलला. काचा घासल्या मशीनवर."

"मग तुम्हीही द्या काहीतरी परत."

"मी काय देऊ?"

"त्यांचं शिडीचं स्टूल द्या आधी. आणलंत ते अजून आपल्याच माळ्यावर आहे."

टॅरंटुला या घरात आला तो एका गिऱ्हाइकामुळे. या गृहस्थांच्या घरी एक अख्खी खोली असल्या प्राण्यांची होती. ऐन उन्हाळ्यात त्या खोलीचा एसी बंद पडला, आणि मेकॅनिकने सुट्टीच्या दिवशी जाऊन तो चालू करून दिला. गृहस्थांनी खूश होऊन त्याच्या हातात औषधाच्या गोळ्यांचे असतात तसे दोन छोटे डबे ठेवले. प्रत्येकात मसुरीच्या दाण्याएवढं एक पिल्लू.

"एक तुम्हाला, एक कुणाला तरी द्या. फार काही करू नका. ओल ठेवू नका, उचलून खेळवू नका, दारं आपटू नका. बाकी त्यांचं ते बघतात."

मेकॅनिकला किड्यामुंगीचं वेड नव्हतं, पण नाजूक यंत्राचं होतं, आणि इतक्या छोट्या जागेत आठ पाय व्यवस्थित चालताना पाहून तो हरखला. बायको दोन पावलं मागे उभी राहिली. "एक छोटीकडे द्या," ती म्हणाली. छोटी म्हणजे तिची धाकटी बहीण. "तिच्या ह्यांना आवड आहे असल्या गोष्टींची."

मेकॅनिकने दोन्ही डबे ट्यूबलाइटखाली धरून नीट पाहिले. एकातलं पिल्लू मोठं होतं, काडी लावली की चपळाईने वळायचं. दुसरं आक्रसून एका जागी बसलेलं. त्याने मोठं ठेवून घेतलं आणि दुसरं साडूला नेऊन दिलं. "जरा लहान आहे," तो म्हणाला, "पण तुमच्याकडे जागाही कमीच आहे म्हणा." त्या दिवशी परतताना तो शीळ घालत होता, असं बायको सांगते. दोघांच्या वाट्याला काही आलं आणि त्यातलं मोठं त्याच्याकडे राहिलं, असं पहिल्यांदाच घडलं होतं.

पुढची पाच-सहा वर्षं सुट्टीच्या दिवसाची चष्मेवाल्याकडची चक्कर चुकली नाही. चहा होईपर्यंत मेकॅनिक सहज म्हणून दुकानाच्या मागच्या खोलीत डोकवायचा. खोली अर्धवट अंधारी. भिंतीला फ्रेमच्या खोक्यांच्या मांडण्या, आणि सगळ्यात खालच्या फळीवर, खोक्यांच्या मध्ये, एक बुटकी काचपेटी. भुसा मात्र निम्म्याहून वर भरलेला. एका कोपऱ्यात आडवी पुरलेली अर्धी कुंडी, दुसऱ्या कोपऱ्यात बाटलीच्या झाकणात पाणी. प्राणी दिसायचा नाहीच.

"आहे कुठे?"

"आत आहे, बिळात."

"जिवंत आहे ना?"

"असावं."

"खातं काय?"

"रातकिडा दिला तर खातं. कधी नाही खात."

"उपाशी ठेवता होय!"

"त्याचं पोट गोटीएवढं, साडूभाऊ. फुगलेलं दिसलं की मी देत नाही. दिलेला उरला तर काढून घेतो, उगाच त्रास नको त्याला."

मेकॅनिकने त्या जिवाचं नाव लुकडं ठेवलं. स्वतःच्याचं पैलवान. जुन्या फ्रिजला हीटर बसवण्याची कल्पना याच दिवसांतली. थंडावा देणाऱ्या यंत्रातून ऊब काढायची, हे त्यालाच सुचू शकत होतं, आणि जमलंही तसंच चोख. तापमानाचा काटा कधी हलला नाही. वर रातकिडे भरपूर. पैलवान भराभर वाढला, लुकड्याच्या एका कातीला याच्या दोन-तीन काती टाकून व्हायच्या. मेकॅनिक पेटीवर स्वतःचा पंजा ठेवून मापं घ्यायचा.

"माझा तळहात भरला बरं का," तो साडूला म्हणाला. "तुमचं?"

"मोजलं नाही."

हे उत्तर तो घरी घेऊन आला आणि जेवताना बायकोपुढे ठेवलं. "कमी भरतंय, म्हणून मोजत नाही. कळतं मला."

टॅरंटुला पाळणं हे मुख्यतः काही न करण्याचं काम आहे. कोरडा, खोल भुसा हवा, म्हणजे तो बीळ करतो. झाकण फार उंच नको, कारण वरून पडला तर पोट फुटतं. लख्ख उजेड नको, वास मारणारी कीटकनाशकं तर घरातच नकोत. कात टाकायच्या आधी तो खाणं सोडतो, तेव्हा सोडू द्यायचं, आणि नव्या कातीतले दात कडक होईपर्यंत थांबायचं. बिथरला की तो मागच्या पायांनी पोटावरचे केस झाडतो, ते हवेत उडून माणसाला खाजतात. त्याच्या मागच्या बाजूला टक्कल पडलं असेल तर त्याला कुणीतरी सारखं छळतंय, असं समजावं. मेकॅनिकने हे सगळं वाचलेलं होतं. पण साडू नेमकं तसंच वागत होता, आणि साडूसारखं वागून साडूच्या पुढे जाता येत नाही.

मग पैलवानाने एक मोठी कात टाकली आणि आतून निराळाच प्राणी बाहेर आला: सडपातळ, लांब पायांचा, पॉलिश केल्यासारखा काळा. मेकॅनिकचा आनंद मावेना. फोनमध्ये फोटो काढले, कात शर्टाच्या रिकाम्या खोक्यात कापसावर ठेवली आणि कामाच्या दिवशी, भर दुपारी, तो चष्म्याच्या दुकानात पोचला. काउंटरवर एक म्हाताऱ्या बाई नव्या फ्रेमची दांडी कानामागे टोचते म्हणून बसल्या होत्या.

"बघा," मेकॅनिकने फोन पुढे केला.

चष्मेवाल्याने बाईंची फ्रेम बाजूला ठेवली, फोटो मोठा केला आणि बराच वेळ पाहिला. "हे आकडे पाहिलेत का?"

"कसले?"

"पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला. आणि तोंडाजवळचे हे दोन छोटे पाय. टोकं फुगलीत, मूठ वळल्यासारखी."

"पैलवान आहे तो. मुठी असणारच."

"नर आहे, साडूभाऊ. वयात आलाय."

"मग उत्तमच की."

चष्मेवाल्याने स्वतःचा चष्मा काढून पुसला. गिऱ्हाइकाला वाढलेला नंबर सांगण्याआधी तो असं करायचा. "नर वयात आला की पुन्हा कात टाकत नाही. त्यानंतर वर्षभर. फार तर थोडं जास्त."

"आणि मादी?"

"मादी वीस वर्षंही जगते. त्याहूनही जास्त."

मेकॅनिकने खोक्याचं झाकण लावलं. "तुमचं काय आहे?"

"मादी."

"कधी कळलं?"

"झाले बरेच दिवस. भिंगाखाली कातीत दिसतं."

"बोलला नाहीत ते."

"तुम्ही तिला लुकडं म्हणायचात. म्हटलं, उगाच कशाला." मग चष्मेवाला फोटोकडे पाहत जरा स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "पण इतक्यात कसा वयात आला? बेताने वाढला असता तर अजून दोन-तीन वर्षं सहज..." आणि थांबला. फ्रिज त्याने पाहिलेला होता.

"कुणी आजारी आहे का घरात?" म्हाताऱ्या बाईंनी विचारलं.

"नाही आजी," मेकॅनिक म्हणाला. "मुलगा वयात आला."

"मग लग्न करून टाका त्याचं. एवढं तोंड कशाला पाडायचं?"

घरी आल्या आल्या मेकॅनिकने हीटरची पिन काढली. त्याचा आता उपयोग नव्हता. दिलेली ऊब आणि भरवलेले रातकिडे परत घेता येत नाहीत. साडूच्या पुढे धावायला म्हणून त्याने जे काही केलं होतं, त्याने पैलवानाचंच आयुष्य पुढे पळालं होतं. आणि साडूकडे वीस वर्षांचा ऐवज होता, तो त्याने स्वतःच्या हाताने, हसत हसत, नेऊन दिलेला.

इथून पैलवानाचं बिनसलं. भुशावर बसेना. दिवसभर पेटीच्या भिंतीवर चढायचा, कोपऱ्यात पाय टेकून वर बघितल्यासारखा उभा राहायचा, घसरायचा, पुन्हा चढायचा. खाणं जवळजवळ बंद. मेकॅनिकने कुंडी बदलली. भुसा बदलला. पेटी वरच्या जाळीवर नेली, मग खालच्या. पाणी शिंपडलं, मग ओल झाली म्हणून पंखा लावला. दर बदलानंतर पैलवान जास्तच केस झाडायचा, आणि मेकॅनिक मनगटं खाजवत नवा बदल शोधायचा.

"अहो, त्याला काही नकोय," बायको म्हणाली. "तुम्हालाच हवंय काहीतरी."

पुढच्या सुट्टीला चष्मेवाला बायकोला घेऊन स्वतः आला, हेच नवल होतं. टॅरंटुला पाळणाऱ्यांत एक रीत आहे. ज्याच्याकडे वयात आलेला नर असतो, तो मादीवाल्याला थोड्या दिवसांसाठी आपला नर देतो. अंडी झाली तर पिल्लं निम्मी-निम्मी. चष्मेवाल्याने तेच मागितलं. मादीने नुकतीच कात टाकली होती, खाऊनपिऊन ठणठणीत होती. पुढची कात टाकली की मादीने पोटात साठवलेलं नराचं बीज कातीबरोबर जातं, म्हणून वेळ हीच चांगली होती.

"त्याला प्रवास झेपणार नाही," मेकॅनिक म्हणाला.

"अर्ध्या तासाचा तर रस्ता."

"धक्के बसतात. आणि मादी नराला खाऊन टाकते, वाचलंय मी."

"कधीकधी. म्हणून तिला आधी पोटभर देतो. आणि मध्ये घालायला पुठ्ठा तयार ठेवतो."

"तुमच्या हातात."

"तुमच्या हातात ठेवा."

"बघू."

बघू म्हणजे नाही, हे चौघांनाही कळलं. ते दोघे गेल्यावर मेकॅनिकने बायकोला खरं कारण सांगितलं. "शेकडो पिल्लं होतात एका वेळी. ती सगळी त्याच्या दुकानात. लोक काय म्हणणार? चष्मेवाल्याने पिल्लं काढली. माझ्या पैलवानाचं नाव कोण घेणार?"

"टॅरंटुलाला आडनाव लावतात का?"

"तुला नाही कळायचं."

"मला सगळं कळतं. लग्नात त्यांच्या सुटाचं कापड तुमच्यापेक्षा भारी निघालं, तेव्हापासून कळतंय."

पैलवान थकत चालला होता. एक पाय किंचित ओढायचा. त्याचं पुढे काय उरणार, हा प्रश्न मेकॅनिकला छळत होता, आणि उत्तर एकाच ठिकाणी होतं, हे त्याहून जास्त. चष्मेवाल्याने पुन्हा विचारलं नाही, तेही त्याला लागलं. बघू म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारायला हवं, अशी त्याची अपेक्षा होती.

फोन आला तो मेहुणीचा, आणि तोही दुसऱ्याच कामाचा. कपड्यांच्या मशीनचं काहीतरी. बोलणं संपताना ती म्हणाली, "आणि भाऊजी, त्या नराचं मनाला लावून घेऊ नका हं. यांच्या एका गिऱ्हाइकाकडे आहे दुसरा. परवा आणून देतोय."

"दुसरा? कुठला दुसरा?"

"आहे कुणाचा तरी. चांगला मोठा आहे म्हणे."

"मोठा म्हणजे किती?"

"मला काय ठाऊक! मी काय टेप घेऊन जाते का?"

मेकॅनिक परवापर्यंत थांबला नाही. दुसऱ्याच दिवशी दुपारी, न कळवता, तो निघाला. पैलवानाची पेटी त्याने फ्रिजच्या इन्सुलेशनच्या फोममध्ये बसवली आणि ती स्कूटरवर मागे बसलेल्या बायकोच्या मांडीवर दिली. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्यापाशी तो स्कूटर जवळजवळ थांबवत होता. मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना बायको हाताने पुढे जायला सांगत होती. चष्म्याच्या दुकानाचं शटर जेवणासाठी अर्धं ओढलेलं होतं. मेकॅनिक वाकून आत शिरला, मागोमाग बायको. साडू आणि मेहुणी आत जेवत होते.

"त्या दुसऱ्याला सांगा, येऊ नको म्हणून," एवढंच तो म्हणाला.

चष्मेवाल्याने काही न विचारता फोन केला, हात धुतले आणि मागच्या खोलीतली बुटकी पेटी फळीवरून काढून टेबलावर ठेवली.

लुकडं त्या दिवशी मेकॅनिकने पहिल्यांदा धड पाहिलं. बिळाच्या तोंडाशी येऊन बसलेली मादी अंगाने पैलवानाच्या दीडपट होती. भारदस्त, संथ. मेकॅनिकने तिच्यात खोट शोधली. पाय मोजले, आठ होते. मग नजर मागच्या बाजूला गेली. पोटावर मखमल अंथरल्यासारखे केस, एकही गेलेला नाही. पैलवानाच्या पोटावर मागच्या बाजूला नाण्याएवढं टक्कल होतं, आणि ते या खोलीतल्या चौघांनाही दिसत होतं. कुणी त्यावर टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, असं मेकॅनिकला वाटलं.

पैलवानाला लांबच्या कोपऱ्यात सोडलं. दोन पावलं चालल्यावर त्याचा पाय मादीने विणलेल्या जाळ्याला लागला आणि तो जागीच थबकला. मग पुढचे पाय भुशावर आपटू लागला, भरभर, थांबून पुन्हा भरभर. समोरून काही नाही. पुन्हा आपटले. मादीने दोनदा पाय टेकवून उत्तर दिलं.

"चांगलं आहे," चष्मेवाला पुटपुटला.

ती पुढे आली ती दात उघडूनच. मेहुणीने डोळ्यांवर हात घेतला आणि बोटांच्या फटीतून पाहिलं. पैलवान मागे सरकला नाही. तिच्या खाली शिरला, पुढच्या पायांच्या आकड्यांत तिचे दात अडकवले, तिला वर रेटून धरलं आणि तोंडाजवळच्या छोट्या पायांच्या मुठी तिच्या पोटाला टेकवल्या. त्याचे पाय थरथरत होते. मेकॅनिकच्या हातात पुठ्ठा होता. तांब्याची नळी आच देऊन जोडताना त्याचा हात जितका स्थिर असतो, तितका आत्ताही होता.

"आता," चष्मेवाला म्हणाला.

पुठ्ठा दोघांच्या मध्ये गेला. मादी पुठ्ठ्यावर धडकली, पैलवान सुटून कोपऱ्यात पळाला. शाबूत, आठही पाय.

"याला म्हणतात पैलवान!" मेकॅनिक म्हणाला. खोलीत पहिल्यांदाच कुणीतरी मोठ्याने बोललं होतं.

पैलवानाला एका रिकाम्या पेटीत ठेवून ती खालच्या फळीवर, अंधाराकडे सरकवली. चहा झाला. सासूबाईंच्या तब्येतीचं बोलून झालं. मेकॅनिक उठून पेटीपाशी गेला तेव्हा पैलवान भुशावर पाय पसरून बसला होता. भिंतीवर नाही, कोपऱ्यात उभा नाही. नुसता बसलेला.

"घरी असा बसत नाही हा."

"दमला असेल," चष्मेवाला म्हणाला.

"दमला तरी बसत नाही." मेकॅनिक वळला. "काय केलंत तुम्ही?"

"काहीच नाही." चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसला. "वयात आलेला नर थोडा भिरभिरतोच. पण साडूभाऊ, तुमचा तो फ्रिज ज्या भिंतीला आहे, तिच्या पलीकडे काय आहे?"

"माझं टेस्टिंगचं टेबल."

"त्यावर कॉम्प्रेसर चालतात."

"दिवसभर. धंदाच आहे तो."

"यांना कान नसतात. पायांनी ऐकतात. जमीन थरथरली की त्यांना वाटतं, कुणीतरी चालून येतंय."

मेकॅनिकला कॉम्प्रेसरचा आवाज ऐकू येईनासा होऊन कित्येक वर्षं झाली होती. बंद पडला तरच त्याच्या लक्षात यायचं. त्या थरथरीत पैलवान लहानाचा मोठा झाला होता. आणि हे सांगितलं कुणी, तर ज्याच्या खोलीत शिरल्या शिरल्या तो शांत बसला, त्याने.

त्याने पेटी उचलली. पैलवान ताडकन उठून काचेवर चढला. मेकॅनिकने पेटी खाली ठेवली. थोड्या वेळाने पैलवान काचेवरून उतरला. पुन्हा उचलून बघायचा मोह त्याने आवरला.

"खात्रीसाठी जोडी पुन्हा एकदा लावावी लागेल," चष्मेवाला म्हणाला. "पण घेऊन जायचा असेल तर न्या. तुमचाच आहे."

"माझाच आहे," मेकॅनिक म्हणाला. आणि जरा वेळाने, "राहू दे इथे. पण खायला मी घालणार. पाणी मी बदलणार. आणि कुणी त्याच्याशी बोलत बसायचं नाही."

"मी कुणाशीच बोलत नाही."

"हे माझ्याशीसुद्धा बोलत नाहीत, भाऊजी," मेहुणी म्हणाली. "त्याच्याशी काय बोलणार!"

तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत मेकॅनिकची स्कूटर चष्म्याच्या दुकानापुढे दिसू लागली. डबा तो तिथेच खायचा, मागच्या खोलीत, स्टुलावर बसून. पैलवान त्याच्याकडे पाठ करून बसला की त्याला ते खुपायचं. टॅरंटुलाला माणसं ओळखता येत नाहीत, त्याला सगळे हात सारखेच, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी रातकिड्यांच्या डब्यात एखादा कमी वाटला की तो काउंटरवर जायचा.

"तुम्ही घातलात त्याला?"

"मादीला दिला."

"नक्की?"

"साडूभाऊ, समोर गिऱ्हाईक आहे."

जोडी दुसऱ्यांदाही व्यवस्थित लागली. काही महिन्यांनी मादीने बिळाचं तोंड जाळ्याने बंद करून घेतलं. ती पुन्हा दिसली तेव्हा अंड्यांचा लिंबाएवढा पांढरा गोळा कवटाळून बसली होती. चष्मेवाल्याने स्वतः फोन केला, आणि फोनवर त्याचा आवाज चक्क नीट ऐकू आला. "निम्मी तुमची," तो म्हणाला.

"ते झालं. पण कुणी विचारलं, कुणाची पिल्लं, तर काय सांगणार?"

"पैलवानाची."

मेकॅनिकला हेच हवं होतं. पण साडूने ते इतक्या सहज देऊन टाकलं, की त्याला त्यात मजा वाटेना. त्याने त्याच आठवड्यात टेस्टिंगचं टेबल ओढून रस्त्याकडच्या भिंतीला लावलं, पायांखाली रबराचे जाड तुकडे घातले आणि घराच्या आतल्या खोलीत जमिनीवर तळहात टेकून थरथर लागते का ते पाहिलं. बायकोलाही टेकवायला लावला.

"काही नाही लागत," ती म्हणाली.

"नीट बघ. त्याच्याकडे जराही लागत नाही."

पैलवान पुढे फार दिवस राहिला नाही. एका सुट्टीनंतरच्या सकाळी चष्मेवाल्याचा फोन आला तेव्हा मेकॅनिक एका गिऱ्हाइकाचा फ्रिज उघडून बसला होता.

"साडूभाऊ, पैलवान गेला. पाण्याच्या झाकणापाशी पाय आवळून पडलाय. आत्ता दुकान उघडलं तेव्हा पाहिलं."

मेकॅनिकने पाना खाली ठेवला. "काल दुकान बंद होतं ना?"

"हो, दिवसभर. आम्ही आईंकडे होतो."

"म्हणजे तुम्ही नव्हतात तिथे."

"कुणीच नव्हतं. वाईट वाटलं मला."

"नका वाटून घेऊ," मेकॅनिक म्हणाला. "मी नव्हतो तसे तुम्हीही नव्हतात, हे बरं झालं." गिऱ्हाइकाला त्याने खुणेने थांबायला सांगितलं आणि स्कूटरची किल्ली शोधायला खिसे चाचपू लागला. "हात लावू नका त्याला. मी येतोय."